पिठातल्या भुंगेऱ्यावर जनुकशास्त्र शिकताना

नाशिकमध्ये प्राणिशास्त्र शिकणारी मुलं पदवीच्या शेवटच्या वर्षाला किंवा एमएस्सीला आली की विचारतात, प्रकल्पासाठी कोणता प्राणी घेऊ? निफाडच्या उसातला बिबट्या सगळ्यांनाच हवा असतो. त्यासाठी वनखात्याची परवानगी लागते, कॅमेरे लागतात आणि एका सत्रात हाती फारसं काही येत नाही. जनुकशास्त्राची ओढ असणाऱ्यांना फळमाशी हवी असते, कारण पाठ्यपुस्तकात तीच भेटते. मी दोघांनाही आधी पिठाच्या गिरणीत पाठवते. माझा एमएस्सीचा प्रबंध पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यावर होता, पुढे गोदामातल्या किडींच्या विषप्रतिकारावर काम केलं आणि आता मुलांना हेच शिकवते. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की पटली आहे: कोठारातली नासाडी आणि जनुकांचं गणित हे दोन विषय याच किड्यापाशी एकत्र येतात. ज्याला यातला एक नीट शिकायचा आहे त्याला दुसरा टाळता येत नाही.

घरात याला पोरकिडे म्हणतात. अर्थात धान्यातल्या कोणत्याही बारीक किड्याला आपण पोरकिडाच म्हणतो, आणि पहिली अडचण तिथेच येते. म्हणून सुरुवात ओळखीपासून करा. रविवार कारंजा, पंचवटी, नाशिकरोड, जिथे ओळख असेल तिथल्या गिरणीत जा आणि जात्याखाली, पट्ट्याच्या कोपऱ्यात साचलेलं जुनं पीठ मागा. मागताना आधीच सांगा की कॉलेजच्या अभ्यासासाठी हवं आहे, तक्रारीसाठी नाही. गिरणीवाल्या काकांना अन्न निरीक्षकाची धास्ती असते, ती आपल्यामुळे वाढू नये. हे ठिकाण कुठलं ते कागदावर लिहा, पण अहवालात गिरणीचं नाव छापू नका.

आणलेलं पीठ चाळा आणि दहापट भिंग घ्या. पुढे सोंड असेल तर तो सोंड्या. डोकं खाली वाकून छातीखाली दडलेलं आणि अंग नळीसारखं असेल तर तो दाणे पोखरणारा लहान भुंगेरा. चपटं अंग आणि छातीच्या दोन्ही कडांना सहा-सहा दाते असतील तर तो करवती भुंगेरा. आपल्याला हवा तो तीन-चार मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी, लांबट आणि चपटा किडा. शास्त्रीय नाव ट्रायबोलियम कॅस्टेनियम. त्याचा जवळचा भाऊ ट्रायबोलियम कन्फ्यूजम दिसायला जवळजवळ तसाच असतो. दोघांतला फरक मिशांवर बघायचा. कॅस्टेनियमच्या मिशीच्या टोकाची तीन पेरं एकदम जाड होतात, कन्फ्यूजमची मिशी टोकाकडे हळूहळू जाड होत जाते. शिवाय किडा उताणा करून डोळ्यांमधलं अंतर पाहा. कॅस्टेनियममध्ये ते साधारण एका डोळ्याच्या रुंदीइतकं असतं, कन्फ्यूजममध्ये त्याच्या जवळपास तिप्पट. कॅस्टेनियम उडू शकतो, कन्फ्यूजम उडत नाही. ही ओळख हातात बसेपर्यंत पुढे जाऊ नका. मिश्र बरणीतून निघालेल्या आकड्यांना काहीच अर्थ नसतो.

कॅस्टेनियमची नोंद हर्ब्स्ट यांनी १७९७ साली केली. त्याचं मूळ भारत-ऑस्ट्रेलियाच्या पट्ट्यात असावं असं मानतात आणि कन्फ्यूजमचं आफ्रिकेत. व्यापाराबरोबर दोघंही जगभर गेले. अमेरिकेत आणि युरोपात ज्याच्यावर इतकं काम झालं तो किडा आपल्याकडचा आहे, हे मुलांना सांगताना मला दरवेळी बरं वाटतं.

पाळायला याच्याइतका सोपा प्राणी नाही. गव्हाच्या पिठात वजनाच्या पाच टक्के यीस्टची पावडर मिसळायची, बस. पीठ आधी बारीक चाळणीतून काढा आणि साठ अंशांवर काही तास तापवा किंवा काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे त्यात आधीची अंडी असतील तर मरतील. काचेची बरणी, तोंडाला मलमलीचा कपडा. स्वच्छ काचेवर हा किडा चढू शकत नाही, पण काचेला पिठाची धूळ बसली की त्याला पाय रोवायला जागा मिळते, म्हणून बरणीचा वरचा भाग पुसत राहा. तापमान तीस-बत्तीस अंश आणि आर्द्रता साठ-सत्तर टक्के असली की तो सुखात वाढतो. नाशिकच्या हवेत हे आपोआप मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत गारठा पडला की वाढ रेंगाळते आणि साधारण २२ अंशांखाली अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास पुरा होत नाही. इनक्युबेटर नसेल तर थर्मोकोलच्या पेटीत बल्ब आणि थर्मोस्टॅट लावून भागतं. आर्द्रतेसाठी त्याच पेटीत मिठाचं संपृक्त द्रावण उघड्या वाटीत ठेवा, हवा ७५ टक्क्यांच्या आसपास राहते. पावसाळ्यात उलटी अडचण येते, पिठाला बुरशी धरते आणि कोळीवर्गातले माइट्स शिरतात. माइट्स दिसलेली बरणी दुसऱ्या बरण्यांजवळ ठेवायची नाही. प्रत्येक वाणाची एक जास्तीची बरणी वेगळ्या खोलीत असावीच.

काम करताना तोंडाला मास्क हवा. एक तर पिठाची धूळ, आणि दुसरं म्हणजे प्रौढ भुंगेरे डिवचले की ग्रंथींमधून बेंझोक्विनोन नावाची झोंबणारी रसायनं सोडतात. त्यानेच किडलेल्या पिठाला उग्र वास येतो आणि जास्त झालं की पीठ गुलाबीसर दिसतं. काहींना याची ॲलर्जी होते.

आता जीवनक्रम. मादी रोज थोडी थोडी अंडी घालते, आयुष्यात शेकडो. अंडं चिकट असतं, त्याला पीठ चिकटतं, म्हणून नुसत्या डोळ्यांना ते दिसतच नाही. इथे चाळणी कामाला येते. २५० मायक्रॉनच्या चाळणीतून आधीच काढलेलं पीठ वापरलं, तर दोन दिवस माद्या ठेवून तेच पीठ त्याच चाळणीतून पुन्हा काढता येतं. पीठ खाली जातं, अंडी वर राहतात. तीन-पाच दिवसांत अळी बाहेर येते, पिवळसर, शेपटीकडे दोन बारीक काटे असलेली. सहा-सात वेळा कात टाकून ती कोषात जाते. कोषाभोवती रेशमाचं आवरण नसतं, तो पिठात उघडाच पडून असतो. योग्य तापमानाला महिनाभरात नवा प्रौढ तयार होतो आणि तो वर्षभर, कधी त्याहून जास्त जगतो. फळमाशी पाळताना दर काही आठवड्यांनी नळ्या बदलाव्या लागतात, ती धावपळ इथे नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. हे किडे स्वतःचीच अंडी आणि कोष खातात. अळ्याही खातात, प्रौढही खातात. त्यामुळे बरणीतली गर्दी स्वतःच स्वतःला आवरते. जनुकांच्या प्रयोगात संततीचं प्रमाण मोजायचं असेल, तर आईबापांना वेळेवर बाहेर काढलं पाहिजे, नाहीतर कोणती पिल्लं जगली आणि कोणती खाल्ली गेली याचाच हिशेब लागणार नाही.

पाण्याचं काय? दहा टक्क्यांहून कमी ओलावा असलेल्या पिठात हा किडा कसा जगतो, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. त्याच्या उत्सर्जन नलिकांची टोकं मलाशयाला वेढून बसलेली असतात आणि विष्ठेतलं पाणी ओढून शरीरात परत घेतात. छेदन करून ही रचना एकदा बघाच. भिंगाखाली चिमटा धरायचा सराव त्यात होतो, आणि गोदामात हा किडा का टिकतो तेही कळतं.

जनुकशास्त्राकडे वळू. संकर करायचा तर कुमारी मादी हवी, कारण समागमानंतर मादी शुक्राणू महिनोन्‌महिने साठवून ठेवते. प्रौढ नर-मादी ओळखणं किचकट असतं. कॅस्टेनियमच्या नराच्या पुढच्या पायाच्या मांडीवर आतल्या बाजूला केसाळ खाच असते, ती दिसायला डोळा तयार व्हावा लागतो. त्यापेक्षा कोषातच वेगळे करा. कोष उताणा करून शेवटचा खंड पाहिला की मादीत दोन ठळक बोंडं दिसतात, नरात ती अगदी बारीक असतात. एका दुपारी हे जमतं. नर एका नळीत, माद्या दुसरीत, नळीवर तारीख आणि वाण. बाहेर पडलेल्या माद्या नक्की कुमारी असणार.

मेंडेलचं गुणोत्तर डोळ्यांनी बघायचं असेल तर 'ब्लॅक' हा उत्परिवर्ती वाण सगळ्यात चांगला. दोन्ही प्रती ब्लॅक असलेला किडा काळा, एकच असलेला गडद ब्राँझ रंगाचा आणि एकही नसलेला नेहमीसारखा तांबडा. दुसऱ्या पिढीत १:२:१ हे गुणोत्तर तीन रंगांत वेगवेगळं मोजता येतं, लपलेल्या जनुकाचा अंदाज बांधावा लागत नाही. मला यातलं रसायन त्याहून जास्त आवडतं. तपकिरी रंग चढायला बीटा-अलानिन हे अमिनो आम्ल लागतं. ब्लॅक वाणात ते पुरेसं बनत नाही, म्हणून डोपामिन काळ्या मेलॅनिनकडे वळतं. अशा किड्याला बीटा-अलानिन टोचलं तर त्याचा रंग नेहमीसारखा येतो. जनुक, विकर आणि रंग ही साखळी वर्गात फळ्यावर काढण्यापेक्षा अशी बघितली की विसरत नाही.

उत्परिवर्ती वाण आणायचे कुठून? परदेशी प्रयोगशाळांकडे ते आहेत, पण जिवंत कीटक मागवायला विलगीकरण खात्याची परवानगी लागते आणि पदवीच्या मुलांनी त्या फंदात पडू नये. स्वतः शोधा. जुने प्रसिद्ध वाण, पांढुरक्या डोळ्यांचा 'पर्ल' असो वा ब्लॅक, साध्या बरण्यांमध्ये आपोआप सापडले होते. नाशिक, निफाड, इगतपुरी, मनमाड अशा वेगवेगळ्या ठिकाणचे किडे आणा, एकेका मादीपासून स्वतंत्र वंश सुरू करा आणि दुसऱ्या पिढीत भावा-बहिणींचे संकर करा. अप्रभावी, म्हणजे एकच प्रत असली तर लपून राहणारी जनुकं अशी उघडी पडतात. डोळ्यांचा रंग, मिशांची पेरं, पंखांची ठेवण, अंगाचा रंग, रोज शंभर किडे भिंगाखाली बघायचे. काम कंटाळवाणं वाटेल. पण आपल्या जिल्ह्यातल्या किड्यांत कोणती विविधता आहे हे बघायला मोठं यंत्र लागत नाही, आणि या कामाला मी नेहमी सगळ्यात वरचं स्थान देते.

वाचायला घ्याल तेव्हा लोकसंख्येच्या प्रयोगांपासून सुरुवात करा. १९२८ साली रॉयल चॅपमन यांनी दाखवलं की पिठाची बरणी हे मोजता येणारं जग आहे. तिथे अन्न आणि घर एकच, चाळणीतून काढलं की प्रत्येक जीव मोजता येतो. मग शिकागोच्या थॉमस पार्क यांनी दोन्ही भावांना एकाच पिठात सोडलं. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत दरवेळी कॅस्टेनियम जिंकला. २४ अंश आणि ३० टक्क्यांत दरवेळी कन्फ्यूजम. मधल्या २९ अंश आणि ७० टक्क्यांत सुमारे ८६ टक्के वेळा कॅस्टेनियम टिकला, उरलेल्या वेळा दुसरा. पीठ तेच, हवा तीच, तरी निकाल दरवेळी एक नाही. पार्क यांच्या १९४८ च्या निबंधात याहून मोठा धक्का आहे. ॲडेलिना नावाचा एकपेशीय परजीवी बरण्यांत असताना ७४ पैकी ६६ वेळा कन्फ्यूजम टिकला, परजीवी काढून टाकल्यावर १८ पैकी १२ वेळा कॅस्टेनियम. स्पर्धेचा निकाल तिसराच कुणीतरी फिरवतो. नाशिकचा ओला श्रावण आणि निफाडचा कोरडा गारठा एकाच जिल्ह्यात अनुभवणाऱ्या विद्यार्थ्याला हे वाचून प्रश्न सुचले नाहीत तर नवल.

आधुनिक भाग थोडक्यात सांगते, कारण तो शिकायला मोठी प्रयोगशाळाच लागते. २००८ साली या किड्याचा जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा आराखडा, प्रसिद्ध झाला, भुंगेऱ्यांमधला पहिला. दहा गुणसूत्रजोड्या, सुमारे सोळा हजार जनुकं. त्याआधी २००२ मध्ये दिसलं होतं की मादीच्या पोटात दुपदरी आरएनए टोचला तर तिच्या पिल्लांमधलं ते जनुक बंद पडतं. शरीरभर पसरणारा हा परिणाम फळमाशीत असा मिळत नाही, म्हणून जनुकाचं काम शोधणाऱ्यांची याच्याकडे रीघ लागली. क्रिस्पर, म्हणजे जनुकात हवा तसा बदल करण्याचं तंत्र, या किड्यात २०१५ पासून आहे. आणि 'मेडिया'. हे स्वार्थी जनुक आईत असलं तर जी पिल्लं ते जनुक घेऊन जन्मत नाहीत ती मरतात. १९९२ साली अमेरिकेत ते सापडलं. भारतातून घेतलेल्या वाणांत मेडियाशी न जुळणारा दुसरा घटक आढळला आहे. आपल्याकडच्या किड्यांचे बाहेरच्या वाणांशी संकर का फसतात, याचं उत्तर त्यात आहे.

आता गोदाम. तांबडा भुंगेरा अख्खा, टणक दाणा फोडू शकत नाही. सोंडे आणि दाणे पोखरणारे आधी येतात, भुसा आणि तुकडे करतात, मग हा वाढतो. पीठ, रवा, मैदा, कणी इथे मात्र तो पहिलाच. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू गच्चीवर कडकडीत वाळवून, निवडून, एरंडेल चोळून भरण्याची आपल्याकडची पद्धत या जीवशास्त्राशी बरोबर जुळते. ओलावा कमी होतो, तुटके दाणे आणि भुसा निघून जातो, त्यामुळे भुंगेऱ्याला खायला फारसं उरत नाही.

मोठ्या साठ्यात, उदाहरणार्थ मनमाडला भारतीय अन्न महामंडळाची गोदामं आहेत तशा ठिकाणी, धान्याच्या थप्पीवर ताडपत्री टाकून ॲल्युमिनिअम फॉस्फाइडची धुरी देतात. त्यातून फॉस्फिन वायू निघतो. भुंगेरे त्याला दाद देईनासे झाले, ही जगभरची काळजी आहे आणि भारतात ती तीव्र आहे. यात मुख्यतः दोन जनुकं असतात. एकेकट्यानं थोडा प्रतिकार येतो, दोन्हींच्या दोन-दोन प्रती एकत्र आल्या की तो कित्येक पटींनी वाढतो. दुसऱ्या जनुकाची ओळख २०१२ साली पटली. ते डायहायड्रोलिपोअमाइड डीहायड्रोजनेज हे विकर बनवतं, म्हणजे पेशीतल्या ऊर्जानिर्मितीचाच एक भाग. भारतातल्या किड्यांत या प्रथिनात प्रोलिन या अमिनो आम्लाच्या जागी सेरिन आलेलं वारंवार सापडतं. प्रतिकाराचं जनुक अप्रभावी असल्यामुळे त्याची एकच प्रत असलेला किडा धुरीत मरतो, आणि नुसतं मेलेले-जगलेले मोजून साठ्यात जनुक किती पसरलंय ते कळत नाही. ते डीएनएवरूनच कळतं. अर्धवट धुरी, फाटकी ताडपत्री, वेळेआधी काढलेलं आवरण, या प्रत्येक वेळी प्रतिकारक किड्यांची निवड होते. काळा-ब्राँझ-तांबडा संकर हातानं केलेल्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही.

तपासणीची प्रमाण पद्धत जागतिक अन्न व कृषी संघटनेची आहे. कॅस्टेनियमसाठी लिटरला ०.०४ मिलिग्रॅम फॉस्फिन, वीस तास. हे काम फक्त प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली, योग्य सोय असलेल्या प्रयोगशाळेतच करायचं. कॉलेजात नाही, घरी तर मुळीच नाही. कुणी धान्याच्या डब्यात ठेवायला ॲल्युमिनिअम फॉस्फाइडची 'गोळी' देऊ केली तर घेऊ नका आणि घरच्यांनाही घेऊ देऊ नका. त्या वायूनं झोपेत माणसं दगावतात, त्यावर उतारा नाही.

पुढे काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. संशोधनात जायचं तर म्हैसूरची सीएफटीआरआय (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था) आणि हापूडची धान्य साठवणूक संस्था ही दोन नावं लक्षात ठेवा. राहुरीच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र विभाग आहे, निफाडजवळ कुंदेवाडीला त्यांचं गव्हाचं संशोधन केंद्र आहे. धुरीकरणाच्या व्यवसायात यायचं असेल तर परवाना लागतो. त्यासाठी कृषी पदवी किंवा रसायनशास्त्रासह विज्ञान पदवी, आणि म्हैसूर, हापूड किंवा हैदराबादच्या संस्थेतलं प्रशिक्षण हवं. बीएस्सीला रसायनशास्त्र सोडण्याआधी याचा विचार करा, अनेक मुलांना ही अट उशिरा कळते. पीठगिरण्या, बिस्किट कारखाने, मसाला आणि बेदाणा उद्योग यांना किडी ओळखणारा गुणवत्ता तपासनीस हवा असतो आणि नाशिक परिसरात असे कारखाने भरपूर आहेत.

लासलगावचं 'कृषक' केंद्रही बघून या. भाभा अणुसंशोधन केंद्रानं २००२ मध्ये उभारलेलं हे विकिरण केंद्र लोकांना कांदा आणि आंब्यामुळे माहीत आहे, पण रवा, मैदा, आटा यांतल्या किडींसाठीही ०.२५ ते १ किलोग्रे (किलोग्रे हे विकिरणाच्या मात्रेचं एकक) मात्रेला आपल्याकडे परवानगी आहे. जायच्या आधी पत्र लिहून वेळ घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा, आणि विचारायचे प्रश्न आधी वहीत लिहून न्या: कोणत्या अवस्थेतला भुंगेरा विकिरणाला जास्त चिवट असतो, वाचलेल्या किड्यांना पिल्लं होतात का, आणि फॉस्फिनला दाद न देणारे वाण विकिरणालाही तसेच तोंड देतात का.